रूळ उखडल्यावर वाट कोणाची?

(अलिबाग तालुक्यातील एका महिला मेळाव्यात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

सकाळपासून आपण पाणी, रेशन, दारू, पोटगी या विषयांवर बोललो. आता मी जुन्या रेल्वेमार्गांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हसू येणं साहजिक आहे. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या या किनाऱ्याला माणसांची रेल्वेच नाही. थळच्या खत कारखान्याची मालगाडी पेणहून येते, पण तिच्यात आपल्याला बसायला डबा नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, तीही रोहा, माणगाव, वीर अशी आतल्या अंगाने गेली. ज्यांच्या दारी रेल्वे आलीच नाही, त्यांनी बंद पडलेल्या रेल्वेचा विचार कशासाठी करायचा?

त्याचं असं झालं. आमच्या गावच्या गटाच्या बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मोबाईलवर काही चित्रं दाखवली. परदेशात बंद झालेल्या रेल्वेचे रूळ काढून तिथे चालायची आणि सायकलची वाट केली आहे. दोन्ही बाजूंना झाडं आहेत, मोटार नाही, हॉर्न नाही. बाया चालताहेत, पोरी सायकलवर आहेत, एक म्हातारी चाकाच्या खुर्चीत आहे. मुलगी म्हणाली, "मावशी, आपल्याकडे असं काही झालं तर किती छान!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आमाला चालू देतील का तिथं?"

बैठक तिथेच थांबली. आजींनी असं का विचारलं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते मी शेवटी सांगते. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. जे मिळालं ते वाचलं, जाणकारांना विचारलं. आज जे सांगते आहे ते त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हाती लागलेलं आहे.

आधी ही वाट म्हणजे काय ते समजून घेऊ. रेल्वेला चढ झेपत नाही. म्हणून रेल्वे बांधताना डोंगर कापतात, खळग्यात भराव घालतात, ओढ्यावर पूल बांधतात, पाणी निघून जायला मोऱ्या ठेवतात. शंभर फूट पुढे गेल्यावर एखादा फूट वर, एवढाच साधारण चढ. रूळ निघाले की हाच सपाट, पक्का, सलग पट्टा उरतो. सायकल शिकणाऱ्या पोरीला, गुडघे दुखणाऱ्या बाईला, डोक्यावर पाटी असलेल्या बाईला याच्यासारखी दुसरी वाट नाही. शिवाय तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच मालकाचा असतो. म्हणून तो तुटायच्या आत वाचवता येतो. एकदा तुकड्या-तुकड्याने विकला गेला की पुन्हा जुळवणं कठीण.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग रेल्वे कंपनीने १९६४ साली सोडून दिला. राज्य सरकारने तो विकत घेतला आणि १९६७ साली सायकलसाठी खुला केला. सुमारे ५१ किलोमीटर वाट, त्यात तीन बोगदे. पुढे १९८३ साली तिथे कायद्यात दुरुस्ती झाली. रेल्वे बंद झाली तरी पट्टा मोडायचा नाही, लोकांना चालायला ठेवायचा आणि पुढेमागे गरज पडली तर त्याच पट्ट्यावर पुन्हा रूळ टाकायचे, अशी सोय तिच्यात आहे. आज त्या देशात अशा वाटा ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहेत. स्पेनमध्ये १९९३ पासून सरकारने हे काम हाती घेतलं. आयर्लंडमध्ये वेस्टपोर्ट ते अकिल ही समुद्राकाठची रेल्वे १९३७ साली बंद झाली होती. तिची जमीन शेतकऱ्यांकडे गेली होती. या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून लोकांना जाऊ दिलं आणि २०११ पर्यंत ४२ किलोमीटरची वाट पुरी झाली. जमीन त्यांचीच राहिली, चालायची मुभा सगळ्यांना मिळाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आपल्या घरचं पाहू. आपल्या जिल्ह्याच्या कडेला, कर्जत-खोपोलीच्या वर, बोरघाट आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेतल्या पोरांना पाठ असतं. पण रेल्वेला देशावर नेण्याचं अवघड काम या घाटात झालं. १८५६ साली ते सुरू झालं आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. पंधरा मैलांच्या वर लांबी, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट असा चढ. १८६१ साली इथे ४२ हजारांहून जास्त मजूर राबत होते. त्यांत बायका होत्या, मुलं होती. सुरुंगाने फुटलेला दगड उचलायचा, मातीच्या पाट्या वाहायच्या, पाणी आणायचं. पटकीने, तापाने, दरड कोसळून हजारो माणसं मेली. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या सुरुवातीला मजुरांनी दंगा केला. आपल्या मजूर चळवळीच्या इतिहासात त्याची आठवण क्वचितच निघते.

या घाटाच्या इतिहासात एका बाईचं नाव मात्र आहे. १८५९ साली पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं, ते सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे आलं. तो मुंबईला पोचला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट चालवायला घेतलं, देखरेखीला इंजिनिअर नेमले आणि उरलेलं काम तडीस नेलं. परक्या देशात, नवरा नुकताच गेलेला, आणि हाती एवढं मोठं काम. तिचं कौतुक आहेच. पण मैत्रिणींनो, त्याच घाटात पाट्या वाहणाऱ्या आपल्या बायांपैकी एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. बाई म्हणून अ‍ॅलिसही त्यांच्यातलीच, पण मालकीण म्हणून ती वेगळी. इतिहासात बायांची जागा शोधताना हे दोन्ही पाहावं लागतं.

त्या घाटात खंडाळ्याच्या खाली गाडीचं तोंड फिरवायचं एक स्टेशन होतं. गाडी तिथे यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग गाडी पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवा मार्ग काढला आणि तो जुना तुकडा सोडून दिला. म्हणजे बंद पडलेला रेल्वेमार्ग पाहायला परदेशात जायला नको, आपल्या घाटातच तो होता. पुढे या घाटातून द्रुतगती महामार्ग गेला. या महामार्गावर पायी चालायला बंदी, सायकलला बंदी. ज्या घाटाची दगडमाती बायांनी डोक्यावर वाहिली, त्यातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या रस्त्यावर आज बाईला पाऊल टाकता येत नाही. यात कोणी मुद्दाम बायांच्या विरोधात कट केला असं मी म्हणत नाही. वाट आखताना चालणारं माणूस कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हतं, एवढंच झालं. आणि आपल्या देशात चालणारं माणूस म्हणजे बऱ्याच वेळा बाई असते.

माथेरानची गोष्ट याच्या उलट आहे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी मोटारींना बंदी आहे, म्हणून अमन लॉजपासून बाजारापर्यंत रुळाच्या कडेने चालत जाणं हा तिथला रिवाजच आहे. २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो दुरुस्त होऊन २००७ साली गाडी सुरू झाली. २०१९ साली पुन्हा वाहून गेला, आणि नेरळपासून पुरी गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. गाडी असो नसो, डोंगराच्या पोटातल्या ठाकर-कातकरी वाड्यांमधून बाया रोज कामाला वर चढतात. हौशी माणूस त्या वाटेला 'ट्रेक' म्हणतो, वाडीतली बाई तिला कामावर जायची वाट म्हणते. वाट एकच. पण एकीची कोणी नोंद घेत नाही आणि दुसऱ्याचे फोटो छापून येतात. आणि हेही सांगून ठेवते की आज तिथे गाडी सुरू आहे. चालत्या रेल्वेचे रूळ म्हणजे पायवाट नव्हे, तिथे जिवाशी गाठ असते. आपण बोलतो आहोत ते बंद पडलेल्या मार्गांबद्दल.

तसा बंद पडलेला मोठा मार्ग महाराष्ट्रात विदर्भात आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला', दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. ब्रिटिश काळात एका कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहायला ती बांधली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून गरीब माणसांची ती गाडी. पुढे दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या. शहरातलं कोणी म्हणेल, वा, १९० किलोमीटरची सायकलची वाट करून टाका! पण तिथले लोक मोर्चे काढताहेत ते गाडी परत सुरू व्हावी, ब्रॉडगेज व्हावी म्हणून. त्यांना आधी विचारायला नको का? ज्या बाईची स्वस्त गाडी गेली, तिच्या हाती सायकलवाट ठेवायची आणि विकास झाला म्हणायचं, हे मला पटत नाही. पट्टा मोडू नये, कोणी गिळू नये, म्हणून तो गाडी येईपर्यंत चालायला राखायचा असेल तर जरूर राखावा. अमेरिकेच्या कायद्यातली सोय मी मघाशी सांगितली ती याचसाठी.

आता मुंबईकडे वळू. तिथे रेल्वे नाही, पण तसाच एक लांब सलग पट्टा आहे, तानसाच्या पाण्याच्या नळाचा. नळाच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा हायकोर्टाचा आदेश झाला. नळाकाठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या हजारो कुटुंबांची घरं पडली. मोकळ्या झालेल्या जागेवर महापालिकेने ३९ किलोमीटरचा चालायचा आणि सायकलचा मार्ग आखला. उठवलेल्यांपैकी पुष्कळांना माहुलला पाठवलं, तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेने तब्येतीला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवलं होतं. माहुलला खोकला, त्वचेचे आजार, दम्याने बेजार झालेली माणसं. २०१८ साली लोक विद्याविहारला फुटपाथवर येऊन बसले, महिनोन् महिने बसले. त्यात बाया पुढे होत्या. कारण आजाऱ्याची सेवा करणारी बाई, लांब पडल्यामुळे धुण्याभांड्याची कामं सुटली तीही बाई. २०१९ साली हायकोर्टाने, ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना १५ हजार रुपये भाडं द्या, असं सांगितलं.

मी सायकलच्या विरोधात नाही. नळाची सुरक्षितता खोटी आहे असंही म्हणत नाही. पण एकीच्या फिरण्यासाठी दुसरीचं घर जात असेल, तर पहिलीने त्या वाटेवर निदान मान खाली घालून चालावं. न्यूयॉर्क शहरात मालगाडीच्या जुन्या उंच मार्गावर २००९ साली बाग केली. जगभर नाव झालं. पण भोवतालच्या जागांचे भाव इतके चढले की जवळच राहणाऱ्या गरीब वस्तीला ती बाग आपली वाटेना. ती बाग उभी करण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांच्यापैकीच एकाने पुढे कबूल केलं की शेजारच्या लोकांना काय हवंय हे आधी विचारायला हवं होतं, तिथे आपण कमी पडलो. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. आपण ती चूक न करताच शिकू या.

आता चालण्याबद्दल थोडं. माझी आई रोज पहाटे चुंबळीवर भाजीची पाटी घेऊन बाजाराला जायची. सहा किलोमीटर जाणं, सहा येणं. मी तिला एकदा विचारलं, "आई, तू कधी नुसती फिरायला गेलीस?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "कुठं जायचं होतं?" आयुष्यभर चाललेली बाई, पण काम नसताना एक पाऊलही नाही. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली एक पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला रस्त्यावर असायला कारण दाखवावं लागतं. हातात पिशवी, कडेवर मूल, चालण्यात घाई. विनाकारण, आरामात, रमतगमत बाहेर असण्याचा हक्क आपण मागितला पाहिजे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे शहरातल्या बायांचं खूळ आहे. मग आईचा प्रश्न आठवला, "कुठं जायचं होतं?" आणि वाटलं, नाही, हे आमचंही आहे.

मी सायकल शिकले ती चौतिसाव्या वर्षी, खारबंदिस्तीच्या बांधावर. संध्याकाळी, कोणी नसताना. साडी खोचून, धाकट्या भावाच्या उंच सायकलवर. दोनदा चिखलात पडले. गावात बोभाटा झाला, "हिला या वयात काय सुचलंय!" पण महिन्याभरात मी तालुक्याला मीटिंगला वेळेवर पोचायला लागले. एसटीची वाट पाहायची नाही, कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसायचं नाही. पुढे कळलं की मी एकटी नव्हते. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत बायांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत त्या वेळी तिथे कलेक्टर होत्या. अक्षरओळखीबरोबर सायकल, कारण बाईला हलता आलं तरच वाचलेलं उपयोगी पडेल. एक लाखाहून जास्त बाया शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. दुकानातल्या बायकांच्या सायकली संपल्या तेव्हा त्यांनी दांड्याच्या पुरुषी सायकली घेतल्या. बिहारमध्ये २००६ सालापासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळाले. मुरलीधरन आणि प्रकाश या अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण बत्तीस टक्क्यांनी वाढलं. मुलींना घोळक्याने सायकलवर जाताना पाहण्याची गावाला सवय झाली, हेही कमी नाही.

पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही तर? आपल्या अलिबागच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारींची रांग लागते. कडेला साइडपट्टी नाही. पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेली बाई आणि शाळेतून परतणारी पोर एकाच वीतभर जागेत. आई म्हणते, "नको ती सायकल, राहू दे." आणि पोरीचं जाणं थांबतं. म्हणून मोटारीपासून वेगळी वाट ही चैन नाही, पोरीच्या शिक्षणाचा भाग आहे.

आता त्या आजींकडे येते. आमच्या गावातून समुद्राकडे जायची एक जुनी वाट होती. खुबे, कालवं काढायला बाया त्याच वाटेने जायच्या. आमच्या आज्या, पणज्या त्याच वाटेने गेल्या. काही वर्षांपूर्वी त्या बाजूची जमीन बाहेरच्या एकाने घेतली, बंगला बांधला, भिंत घातली आणि वाटेवर फाटक बसवलं. पहिले काही महिने फाटक उघडं असायचं. मग कुलूप लागलं. बाया घरी बोलल्या तर घरचे पुरुष म्हणाले, "कशाला भानगड, मोठी माणसं आहेत." आम्ही गटात विषय घेतला तेव्हा उशीर झाला होता.

उशीर का म्हणते ते नीट ऐका, हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तहसीलदार जागा पाहून अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज व्हावा लागतो. वहिवाट म्हणजे काय? सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल, पण तुम्ही आणि तुमच्या आधीच्यांनी ती वाट वापरली, हाच पुरावा. हा पुरावा कोणाकडे असतो? म्हाताऱ्या बायांकडे. त्यांना वाटेवरचं झाड न् झाड ठाऊक असतं. आमचे सहा महिने निघून गेले होते, शिवाय वाट शेताची की समुद्राची हा वाद निघाला. शेवटी म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घेतले, ग्रामपंचायतीचा ठराव केला. आज फाटकाशेजारी एक छोटं दार आहे. ते दिवसा उघडं असतं, दिवेलागणीला बंद होतं. भरती-ओहोटी काही त्या दाराचं वेळापत्रक पाहून येत नाही. पहाटेची ओहोटी असली की बाया अजूनही लांबून वळसा घालून जातात. हा लढा संपलेला नाही.

म्हणून आजींनी विचारलं, आमाला चालू देतील का तिथं. जिची पिढ्यान् पिढ्यांची वाट कुलपात गेली, ती नव्या वाटेच्या चित्राला भुलत नाही. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी जमीन आपली ठेवून वाट खुली केली, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्याकडं का नाय?" मैत्रिणींनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण सगळ्यांनी मिळून ते द्यायचं आहे.

आपल्या किनाऱ्यावर नव्या वाटा येणारच आहेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची योजना १९८० च्या दशकापासून आहे, आता खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. पर्यटनाच्या नावाने उद्या कोणी खारबंदिस्तीच्या बांधांवरही 'ट्रॅक' आखेल. तेव्हा गप्प बसून चालणार नाही. पेण-उरणच्या सेझच्या वेळी २००८ साली बावीस गावांनी जनमत देऊन आपलं म्हणणं सांगितलंच होतं ना? मग वाटांबद्दल आपलं म्हणणं काय, ते आधीच ठरवून ठेवू या. मी सुचवते, तुम्ही भर घाला.

पहिलं, वाट आखायच्या आधी विचारा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर उरकू द्यायची नाही. नकाशा त्या सभेत आला पाहिजे, आणि मराठीत समजावून सांगितला पाहिजे.

दुसरं, जी आधीपासून तिथे आहे तिची जागा राहिली पाहिजे. घर असेल तर घर, कांद्याची नाहीतर मासळीची पाटी असेल तर पाटी. वाट सुंदर करायची म्हणून विकणारी बाई हटवायची नाही. उलट तिच्या बसण्यामुळे वाट जागती राहते, आणि दुसऱ्या बाईला तिथून जायला धीर येतो.

तिसरं, फाटक नको, तिकीट नको. दर थोड्या अंतरावर आत-बाहेर करायला जागा हवी. दोन्हीकडे उंच कुंपण आणि मैलभर बाहेर पडायला वाव नाही, अशी वाट संध्याकाळी बाईच्या उपयोगाची नाही. दिवे हवेत, प्यायचं पाणी हवं, आणि संडास-मुतारी हवी. हे बोलायला लाजायचं नाही. मुतारी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया या सभेतही बसल्या आहेत.

चौथं, वाटेची देखभाल गावच्या बायांना द्या, पण मजुरी देऊन. सेवा म्हणून, श्रमदान म्हणून नव्हे. आपलं फुकटचं काम आधीच पुष्कळ झालं आहे.

पाचवं, बांधाचं काम बांधाला करू द्या. खारबंदिस्तीचा बांध समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आहे. त्याला खांड पडली की खारं पाणी घुसतं आणि पुढची काही वर्षं भात होत नाही. त्याच्यावर पायी चाला, सायकल न्या, पण मोटारी घालायला देऊ नका. उघाडीपाशी आणि खांडीपाशी दुरुस्तीला आधी पैसा, मग बाकडी.

आणि सहावं आपल्या हातातलं आहे. प्रत्येक गावातल्या चालत्या वाटांची यादी करा. विहिरीची वाट, मसणाची वाट, समुद्राची वाट, शाळेची वाट. म्हाताऱ्या बायांना बरोबर घेऊन चाला, त्या सांगतील ते लिहून घ्या, तारीख घाला, सह्या-अंगठे घ्या. वाट अडली तर सहा महिने मोजायला त्याच दिवशी सुरुवात करा. आणि ज्यांना सायकल येत नाही, त्यांनी शिका. माझ्या भावाची जुनी सायकल अजून आहे. उंच आहे, पण चालते.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात ही यादी करायला आम्ही सुरुवात करतो आहोत. पहिल्या दिवशी समुद्राच्या वाटेने जायचं ठरलंय, त्या आजी पुढे असतील. ओहोटी पहाटे पाचची आहे. दार बंद असेल. आम्ही सगळ्याजणी दारासमोर उभ्या राहणार आहोत, आणि ते उघडायला सांगणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्या.